एका हातानं फिरला पाहिजे

मिस्त्री कुठलंही इंजिन मागून मोजायचे. सोलापुरातल्या झाडून सगळ्या गॅरेजांत पहिला सिलिंडर म्हणजे पंख्याजवळचा, आणि शेवटचा म्हणजे ड्रायव्हरच्या पायाशी येणारा. मीही आज मुलांना तसंच शिकवतो. मिस्त्रींचं सगळं उलटं. त्यांचा पहिला ड्रायव्हरच्या पायाशी. कारण विचारलं की हातातला पाना खाली ठेवायचे, समोरच्याच्या अकलेची कीव आल्यासारखं बघायचे आणि म्हणायचे, "मालक कुटं बसतो? मागं. मग मोजनी मालकापासनं करायची का पंख्यापासनं?"

बरं, मोजायचे तेही कानडीत. मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. भांडण मराठीत आणि मोजणी कानडीत, असा त्यांचा शिरस्ता. सहा सिलिंडरचं इंजिन आलं की त्यांना विशेष चेव यायचा. अशा इंजिनात ठिणगी ओळीनं पडत नाही. आधी पहिला पेटतो, मग पाचवा, मग तिसरा, सहावा, दुसरा, चौथा. मिस्त्री काम करताना हा क्रम नामस्मरणासारखा पुटपुटत असायचे. ओंदु, ऐदु, मूरु, आरु, एरडु, नाल्कु. आणि गंमत अशी की हा क्रम पुढून मोजा नाहीतर मागून, तोच येतो. हवं तर कागदावर मांडून बघा. त्यामुळे मिस्त्रींची उलटी मोजणी जन्मात कधी कुणाला नडली नाही. एकदाच नडली, आणि ती मला नडली.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मला ते सबंध जमेल असं वाटत नाही. मी त्यांच्यापाशी चार वर्षं शिकलो आणि पुढची अठरा वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्या अठरा वर्षांत मल्लेशम नावाच्या एका माणसाच्या मोडक्या हाताचं खापर माझ्या डोक्यावर होतं. चूक माझी की मिस्त्रींची, एवढाच काय तो प्रश्न. उत्तर आम्हा दोघांशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं, आणि आम्ही दोघंही एकमेकांसमोर यायला तयार नव्हतो.

होटगी रोडला त्यांचं गॅरेज होतं. तीन भिंती, वर पत्रे आणि समोर एक कडुलिंब. आत जमिनीवर एक जुनी सोलापुरी चादर कायम अंथरलेली. तिचा मूळ रंग कुठला होता ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. इंजिनातून निघालेला एकेक भाग, ज्या जागेवरून निघाला त्याच क्रमानं, त्या चादरीवर मांडायचा. चादर ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. एकदा एक गिऱ्हाईक, चांगला जाडजूड बागायतदार, फोनवर बोलत बोलत चादर ओलांडून आला. मिस्त्रींनी त्याचं काम तिथल्या तिथं थांबवलं. "जावा, दुसरीकडं दावा. आमच्या ताटावर पाय दिलासा तुमी." तो बिचारा दोन दिवस माफी मागत फेऱ्या मारत होता.

चादरीवर मांडायचं म्हणजे लक्षात ठेवायचं. भागांवर खुणा करणं, ठिपके मारणं त्यांना साफ नामंजूर होतं. "ज्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाय त्यानं किरानाचं दुकान काडावं," असं ते म्हणायचे. चार वर्षांत त्यांना खूण करताना मी कधी पाहिलं नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवतोय.

गाडीच्या पट्टीवर काय छापलंय, कागदपत्रांत काय लिहिलंय, याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "माज्या शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जूनचा हाय. मी एक जूनला जन्मलो व्हय? मास्तरनं लिवलं, झालं. तसंच हे इंजिनाचं." इंजिन ओळखायचं असलं की ते डोळे मिटून बसायचे आणि त्याच्या अंगावरून अंगठा फिरवायचे. ओतीव लोखंडाचा कंगोरा कुठं आहे, बोल्ट किती, कुठल्या अंतरावर, हे सगळं अंगठ्याला कळायचं. मग डोळे न उघडताच सांगायचे, अमक्या गाडीचं, तमक्या काळातलं, आणि मधे एका येड्यानं खोललेलं. ते येडं कोण, हेसुद्धा पुष्कळदा सांगायचे. "मला ठाव न्हाय" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अख्ख्या गावाच्या गाड्या दुरुस्त करायचे आणि स्वतः सायकलवरून फिरायचे.

चूक झाली असंही ते कधी म्हणत नसत. चुकले की चहा सांगायचे. एरवी दिवसभरात चहा एकदा, तोही अर्धा. पण एखाद्या दिवशी अवेळी म्हणाले, "जा रे, चहा सांग, मलई टाकून," की आम्ही ओळखायचो, काहीतरी फसलंय. तो चहा कुणापुढं आला यावरून त्या दिवशी कुणावर अन्याय झाला तेही कळायचं. माझ्या नशिबात चार वर्षांत तसे बरेच चहा आले.

त्यांचा एक नियम मात्र असा होता की त्यावर कुणी हुज्जत घालू नये. इंजिनाच्या पोटात क्रँक असतो, लोखंडाचा वाकडातिकडा कणाच म्हणा. सहा सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात तो सात जागी टेकतो आणि प्रत्येक जागी त्याच्यावर एक लोखंडी टोपी घालून बोल्टनं कसतात. आम्ही तिला कॅप म्हणतो. एक कॅप कसली की क्रँक हातानं फिरवून बघायचा, मग दुसरी. "एका हातानं फिरला पायजे," मिस्त्री सांगायचे. "दुसरा हात लावावा वाटला तर समजायचं, आपलं चुकलंय. तितंच थांबायचं. खोलायचं." कुणाचा दुसरा हात नुसता वर उठलेला दिसला तरी ते पाना फेकून मारायचे. नेम धड नव्हता म्हणून आम्ही वाचलो.

मल्लेशम आमचे जुने गिऱ्हाईक. पूर्व भागात राहायचे, घरात यंत्रमाग. चादरी विणायच्या आणि स्वतःच गाडी चालवून बार्शी, मोडनिंबच्या दुकानांत पोचवायच्या. त्यांची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी पिकअप. सहा सिलिंडर. पेट्रोलवर सुरू करायची आणि रॉकेलवर पळवायची. तिचं कुणी नाव काढलं की मल्लेशम म्हणायचे, "तिला काय बोलू नका, ती घरातली हाय." त्या इंजिनाच्या कुशीतून एकदा पाणी गळायला लागलं तेव्हा मिस्त्रींनी एका जुन्या स्टोव्हचं पितळ कापून त्याची चौकोनी खुंटी घडवली आणि भोकात ठोकून बसवली. कानशीनं घासताना ती खुंटी मीच धरली होती. असली खुंटी दुसऱ्या कुठल्याही इंजिनात मी पाहिलेली नाही.

मग ते इंजिन पूर्ण उतरवायचं झालं. मी दुसऱ्याच एका गाडीचा क्रँक घासून आणायला लेथवाल्याकडे गेलो होतो. त्या दिवशी मिस्त्रींनी एकट्यानं ते सगळं खोललं आणि संध्याकाळी त्यांना वेळापूरला मुलीच्या सासरी तातडीनं जावं लागलं. तिथं कुणीतरी गेलं होतं. मल्लेशमची घाई चाललेली, सणाचा माल पडून होता. मिस्त्रींनी स्टँडवरून फोन केला. "तूच बसव आता. ठिपके बघून बसव." एवढंच बोलले आणि गाडी सुटली.

मी चादरीवर बघितलं. घाईत सगळं ढिगानं ठेवलेलं, नेहमीची ओळ नव्हती. सात कॅपांपैकी पुढची, मधली आणि शेवटची यांचा आकार वेगळा असतो, त्या ओळखू येतात. उरलेल्या चार दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. कारण सातही जागच्या जागी कसूनच त्या आतून कातलेल्या असतात. त्या चार कॅपांवर ठिपके होते. एकीवर एक, दुसरीवर दोन, असे चारपर्यंत. मिस्त्री खुणा करत नाहीत हे मला पक्कं ठाऊक. म्हणजे हे ठिपके कंपनीचे. आणि कंपनीचे म्हणजे पुढून. मी एक ठिपका पंख्याकडे लावला, चार ठिपके मागे. क्रँक फिरवून बघितला. फिरला. इंजिन बंद केलं, गाडीवर चढवलं, सुरू केलं. आवाज असा सुरेख की मल्लेशमनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मोडनिंबच्या अलीकडे ते इंजिन एकाएकी जाम झालं. धावत्या गाडीचं इंजिन जाम झालं की मागची चाकं जागच्या जागी धरतात. चादरींनी भरलेली पिकअप आडवी झाली आणि रस्त्याकडेच्या झाडावर गेली. मल्लेशमचा उजवा कोपर खिडकीबाहेर होता. जीव वाचला, पण हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. मागाचा धोटा अडकला तर ते डाव्या हातानं काढायला शिकले. गाडी मात्र त्यांनी परत चालवली नाही.

इंजिन ओढून आमच्याकडेच आणलं. मिस्त्री वेळापूरहून आले होते. मल्लेशमचे भाऊ, शेजारचे चार गॅरेजवाले, सगळे गोळा झालेले. मिस्त्रींनी इंजिन उलटं करून खोललं, जळलेल्या बेअरिंगांकडे बघितलं, कॅपांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. भावांपैकी एकानं विचारलं, "चूक कुणाची?" मिस्त्री म्हणाले, "ठिपके बरोबर हायेत. बसवनाऱ्यानं नीट बसवाय पायजे व्हतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत राहिलो, की आता चहा सांगतील, मग सांगतील. संध्याकाळ झाली तरी चहा आला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. कुणीच मला इंजिन बसवायला देईना. गॅरेजांच्या लायनीत माझं नाव 'मोडनिंब' पडलं. "काय मोडनिंब, चहा घेणार का?" मी आणखी परीक्षा दिल्या आणि एका खाजगी तंत्रसंस्थेत शिकवायला लागलो. मल्लेशम कधी लग्नाकार्यात भेटले की मी नमस्कार करायचो. ते बघायचे आणि मान फिरवायचे. अठरा वर्षांत त्यांनी माझा एकही नमस्कार घेतला नाही. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. मी नियम मोडला नव्हता, सांगितलं तसंच केलं होतं, आणि त्या म्हाताऱ्यानं मला तोंडघशी पाडलं, असं सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी भंगारातून एक इंजिन विकत घेतलं. मुलांसमोर खोलायचं, बांधायचं आणि चालू करून दाखवायचं. गंजलेलं धूड. पट्टी नाही, नंबर गंजून गेलेला, कुणाला ओळखता येईना. आणि ओळखल्याशिवाय त्याचे सुटे भाग आणायचे कुठून? मी ज्याला ज्याला विचारलं तो म्हणाला, "अहो, ह्याला एकच माणूस." प्राचार्यांना नाही म्हणता येईना. मी मनात शिव्या घालत होटगी रोडला गेलो.

मिस्त्री कडुलिंबाखाली बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरणारे. मला बघून म्हणाले, "आयटीआय, जाड झालास की." त्या काळी ते मला आयटीआय म्हणूनच हाक मारायचे. मला राग आला, कारण बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते संस्थेत आले. स्टूल ओढून इंजिनाजवळ बसले, डोळे मिटले आणि अंगठा फिरवायला लागले. मुलं गोल करून उभी होती. "सहा शिलिंडर," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलचं. पिकअपचं असनार. सात बेअरिंगांचं." अंगठा खाली कुशीकडे गेला आणि थांबला. गंजाखाली काहीतरी होतं. त्यांनी नखानं खरवडलं. पिवळं दिसलं. चौकोनी.

मी ओळखलं. ती खुंटी मीच धरली होती ना.

मिस्त्रींनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. पाणी मागितलं, घोटभर प्यायले. एका मुलानं विचारलं, "कुठल्या गाडीचं आहे, आजोबा?"

"मला ठाव न्हाय," मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं बोलताहेत हे त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, बघू किती दिवस गप्प बसतात ते.

मग ते रोज यायला लागले. का यायचे कोण जाणे, कुणी बोलावलं नव्हतं. "नाव न्हाय कळलं तर काय बिगडलं, माप तर कळलं," असं म्हणून त्यांनी कुठल्या कुठल्या गाड्यांच्या बेअरिंगा आणि पिस्टन रिंगा जमवल्या. क्रँक घासून आणला. घरून ती चादर आणून वर्गात अंथरली. मुलं वळसा घालून जायला शिकली. आम्ही दोघं शेजारी बसून काम करायचो आणि मोडनिंब हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. मला रात्री नीट झोप लागत नव्हती. शेवटी जाऊन जाऊन कॅपांवरच येणार, हे दोघांनाही दिसत होतं.

तो दिवस आला. मी मुलांना बाहेर काढलं. चार कॅपा धुऊन चादरीवर ठेवलेल्या, ठिपके स्पष्ट दिसत होते. मी मुद्दाम, त्या दिवशी लावल्या होत्या तशाच लावल्या. एक ठिपका पंख्याकडे, चार मागे. सगळ्या कसल्या आणि क्रँकवर एक हात ठेवला.

"मिस्त्री, फिरत नाही."

"खोल."

मी खोलल्या. "आता तुम्ही लावा."

ते उठले. चार ठिपक्यांची कॅप उचलली आणि पंख्याकडे ठेवली. मग तीन. मग दोन. एक ठिपका ड्रायव्हरकडे. एकदाही अडखळले नाहीत. मी कसल्या. क्रँकला हात लावला तर दोन बोटांनी फिरला.

म्हणजे ठिपके कंपनीचे नव्हतेच. मागून मोजून मारलेले होते, आणि मागून मोजणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता. जन्मात कधी खूण न करणाऱ्या माणसानं फक्त त्या दिवशी, माझ्यासाठी, घाईत खूण केली होती. आणि ती आपण केली हे सांगायचं राहून गेलं होतं. इंजिन खोललं त्या दिवशीच त्यांना हे कळलं होतं. तरी म्हणाले, ठिपके बरोबर हायेत.

मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "चहा सांग. मलई टाकून."

"मला नको," मी म्हणालो.

अठरा वर्षं एका चहावर फिटत नाहीत, असं मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी पाने गोळा करून खोक्यात टाकायला लागलो. मिस्त्री गेले आणि दोन दिवस आले नाहीत. त्या दोन दिवसांत मी एक नीच काम केलं. मल्लेशमना फोन लावला. "तुमच्या पिकअपचं इंजिन सापडलंय. शुक्रवारी सकाळी चालू करणार आहोत. या." मिस्त्रींना यातलं काही कळवलं नाही. फक्त शुक्रवारी चालू करायचंय, या, असा निरोप धाडला. मला न्याय हवा होता असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला त्यांची मान खाली गेलेली बघायची होती.

शुक्रवारी मुलं यायच्या आधीच मल्लेशम आले. पांढरा शर्ट, उजवा हात कोपरात वाकलेला, तसाच पोटाशी धरलेला. मी नमस्कार केला, त्यांनी घेतला नाही. इंजिनाकडे गेले, वाकून ती पितळी खुंटी बघितली. "आमचंच हाय," म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मागोमाग मिस्त्री आत आले आणि दारातच थबकले. एकदा मल्लेशमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आल्या पावली परत जातात.

पण ते आत आले. रोजच्यासारखे मागच्या बाजूच्या स्टुलावर बसले नाहीत. इंजिनाला वळसा घालून पुढं, पंख्यापाशी गेले. पहिल्या सिलिंडरवर बोट ठेवलं, सगळं जग ज्याला पहिला म्हणतं त्या.

"ओंदु," ते म्हणाले. मग मल्लेशमकडे वळले. "दुनिया हितनं मोजती, मल्लेशम. मी जल्मभर तिकडनं मोजत आलो. तुमच्या कॅपांवर ठिपके मी मारलेले, तिकडनं. ह्याला सांगाय पायजे व्हतं, सांगितलं न्हाय. नंतर खोलल्यावर माज्या ध्यानात आलं. तवाबी बोललो न्हाय. चूक माजी हाय."

चूक हा शब्द. मी अठरा वर्षं ज्याची वाट बघत होतो तो. मला वाटलं होतं तो ऐकल्यावर बरं वाटेल. मिस्त्रींची मान खाली गेली नव्हती. ते सरळ मल्लेशमकडे बघत होते, आणि खाली मीच बघत होतो.

मल्लेशम माझ्याकडे वळले. "म्हंजे ह्याच्याकडं मी इतकी वर्सं..." म्हणाले आणि थांबले.

"एक इचारू का, आयटीआय?" मिस्त्री म्हणाले. आवाजात रागाचा मागमूस नव्हता, शिकवताना विचारायचे तसं विचारलं. "त्या कॅपा उलट्या लागल्या व्हत्या. मग त्या दिवशी क्रँक एका हातानं फिरला कसा?"

फिरला होता, असं मला म्हणता आलं असतं. त्या दिवशी गॅरेजमध्ये मी एकटा होतो, बघणारं कुणी नव्हतं. मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. वर मीही लिहिलंय, फिरवून बघितला, फिरला. पुढचं लिहिलं नाही.

"नाही फिरला," मी म्हणालो. "दोन्ही हात लावले होते. जोर लावून फिरवला."

"मग थांबला का न्हाईस?"

"तुम्ही यायच्या आत मला एकट्याला जमलं, असं दाखवायचं होतं. आणि चुकलं म्हटलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

मिस्त्रींनी मान हलवली. "वरडलो असतो," ते म्हणाले. "आन् मी का बोललो न्हाय ठाव हाय? चार गॅरेजवाले समोर व्हते. लाज वाटली मला."

मल्लेशम कोपऱ्यातून पुढं आले.

"झालं तुमचं वाटून?" ते म्हणाले. "निम्मं तुमचं, निम्मं ह्याचं. हात माझा अख्खा गेला की."

मल्लेशम इंजिनाच्या पुढं जाऊन उभे राहिले. स्पार्क प्लग अजून बसवलेले नव्हते, क्रँक मोकळा होता. त्यांनी पुढच्या पुलीवर हात ठेवला. डावा नाही, तो वाकलेला उजवाच. कोपर सरळ होत नाही, म्हणून खांदा खाली घालून, सगळ्या अंगानं त्यांनी पुली ओढली. ती फिरली. पुन्हा ओढली. सहाही पिस्टन आतल्या आत वरखाली होताना ऐकू आले. त्यांनी पूर्ण एक फेरा घेतला, मग आणखी एक. तेलानं बोटं काळी झाली.

"आता फिरतंय," ते म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढायला लागले.

मिस्त्री दारातल्या शिपायाकडे वळले. "तीन चहा सांगा," म्हणाले. "मलई टाकून."

मी या वेळी नको म्हणालो नाही. मल्लेशमनी बोटं पुसली, रुमालाची घडी घातली, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"माझ्यात साखर नको," ते म्हणाले.